एका पायातला बूट

४ मार्च

दादा येऊन गेला. सातवं प्रकरण बघून. ‘वाचून’ म्हणत नाही तो. चित्रकादंबरी हा शब्दच त्याच्या दाताखाली खड्यासारखा येतो. “तुझी ती चित्रं” म्हणतो.

दारातच कपाळाला आठ्या. दहा मिनिटं घंटी वाजवत होता म्हणे! म्हटलं, बिघडली असेल. त्याने पुन्हा दाबली. “चांगली चालू आहे.” असेल. तीस वर्षं शाळेत काढली, निम्मी मुख्याध्यापक म्हणून, निर्जीव वस्तूसुद्धा त्याच्यासमोर सुतासारख्या सरळ होतात.

मग मुद्दा.

“बाबा पीत नव्हते.”

“पीत होते.”

“नव्हते!”

एक अठ्ठावन्नचा, एक एक्कावन्नची. शेजाऱ्यांना वाटलं असेल, वाटणीवरून जुंपलीय. वाटणीच म्हणायची. त्याला भिंतीवर फ्रेममध्ये नीट बसणारे बाबा हवेत, मला व्हॅनमध्ये ट्रम्पेट उशाला घेऊन झोपणारे.

“शेवटच्या कार्यक्रमाला मी होते, तू नव्हतास. तू परीक्षेला बसला होतास,” म्हटलं. “दहा वर्षांची मी, पहिल्या रांगेत. सगळा बँड थांबला, बाबा थांबले नाहीत. एकटेच वाजवत राहिले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा! लोक हसून लोळले. मी ‘बाबा, बाबा’ करून ओरडले, त्यांनी ढुंकून बघितलं नाही. तुमच्या शाळेत याला काय म्हणतात?”

“ते प्रकरण काढून टाक.”

“नाही काढणार.”

“मग मला बहीण नाही.”

“ठीक. हा चहा पाहुणा म्हणून घे.”

घेतला. साखर कमी आहे म्हणाला.

६ मार्च

संपादिकेचा फोन. गोड मुलगी, पण बोलते तोंडात गुळणी धरल्यासारखी. ही पिढी ओठ उघडायला का कू का करते? त्यात माझ्या नव्या फोनला डाव्या कानाचं वावडं. चार वेळा “काय?” केल्यावर तिने सगळं लिहूनच पाठवलं. बरं झालं, पुरावा राहिला.

तर, सातवं प्रकरण सगळ्या कार्यालयाला भयंकर आवडलंय. ‘दारूने उद्ध्वस्त झालेला कलावंत बाप’ लोकांना लगेच भिडतो म्हणे. मुखपृष्ठावर बाबाच घ्यायचे, हातात बाटली. “बाटली जरा मोठी करता येईल का?” पानं तीस एप्रिलला छापायला जाणार.

मी कळवलं, भाऊ कोर्टात जाईन म्हणतोय. उत्तर आलं: “अरे वा! बातमी होईल!”

म्हणजे एकाला बाटली नको, दुसरीला मोठी हवी. मी होती तेवढीच काढणार.

७ मार्च

दादाचा निरोप: बाबांचे फोटो परत कर. नाही करणार. चाळीस वर्षं ट्रंकेत कुजत होते तेव्हा नाही आठवले!

११ मार्च

वीस वर्षं वर्तमानपत्रात रोज व्यंगचित्राची एक चौकट काढली. मंत्री काढले, त्यांची पोटं काढली, त्यांच्या मेव्हण्यांची पोटं काढली. एकाही मंत्र्याने दादाइतका डूख धरला नाही. घरच्यांवर विनोद करायला खरी छाती लागते.

आज बाबांच्या बँडची पानं पूर्ण झाली. पाच जण, एक व्हॅन, वर्षाचे दोनशे दिवस रस्त्यावर. ड्रमवाल्याचे दोन गावांत दोन संसार. दोन्हीकडच्या बायकांना तो ‘राणी’ म्हणायचा, चुकायला नको म्हणून. पियानोवाला प्रत्येक लॉजचा टॉवेल पळवायचा आणि पुढच्या लॉजात विसरायचा, त्यामुळे जगातल्या टॉवेलांची संख्या कायम राहिली. गाणारी बाई स्टेजवर राणीसारखी जायची, उतरली की व्हॅनच्या मागच्या सीटवर तोंड फिरवून रडायची. तिचा मुलगा तिला मावशी म्हणायला लागला होता. बासकाका लांबलचक, त्यांच्या डबल बास नावाच्या पुरुषभर उंच तंतुवाद्याइतकेच, आणि तितकेच कमी बोलणारे. आणि बाबा.

बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले अकरा फोटो आहेत. अकराही फोटोंत स्टेजवर डाव्या पायात बूट नाही! सगळे हसतात ते माझं पान आहे हे: बाबा तर्र, एक बूट घालायचा विसरलेत, ऐटीत ट्रम्पेट वर. फार जमलंय. स्वतःचंच काम बघून हसू आलं.

टेबलाचंही चित्र घातलं. म्हणजे फळीचं. सहा फुटी जाड फळी, बँडच्या व्हॅनच्या टपावर दोरीने बांधलेली असायची. चाक चिखलात रुतलं तर खाली घालायला, अशी माझी समजूत. पुढे ती आमच्या घरी आली, मी तिला पाय लावून घेतले आणि तीस वर्षं तिच्यावर काढतेय. एका टोकाला भोकंच भोकं. वाळवीची असावीत. पेन्सिली उभ्या करायला छान.

१२ मार्च

किटली करपली. शिट्टी वाजणारी म्हणून मुद्दाम घेतली होती! हल्ली कशातच दम नाही.

१९ मार्च

दादाचं पत्र. पाकिटावर नाव पूर्ण, आत ‘महोदया’. स्वतःच्या बहिणीला! ‘आपल्याकडे कोणताही प्रत्यक्ष पुरावा नसताना…’

प्रत्यक्ष पुरावा माझं नाक. कार्यक्रमाआधी बाबा मला जवळ घ्यायचे तेव्हा कोटाला दारूचा भपकारा यायचा. दहा वर्षांच्या मुलीचं नाक खोटं बोलत नाही. दादा म्हणतो, घरी कधी एक थेंब बघितलास? नाही बघितला. त्या कार्यक्रमानंतर ट्रम्पेटही सुटलं, दारूही सुटली असेल. उरलेली बावीस वर्षं वाद्यांच्या दुकानात दुसऱ्यांची ट्रम्पेटं पुसली. घरात घुम्यासारखे. हाक मारली तर उत्तर नाही. पुढेपुढे आम्ही हाका मारणंच सोडलं.

साक्षीदारच हवाय ना महोदयांना? आणते. पाचांतले एकटे बासकाका उरलेत. ब्याऐंशीचे. त्यांना पानं दाखवते, त्यांच्याकडून लिहून घेते आणि दादाच्या तोंडावर मारते.

२३ मार्च

बासकाका आले. हात थरथरतात, पान उलटायला वेळ लागतो. हसले कुठे? टॉवेलला. ‘राणी’ला. गाणाऱ्या बाईच्या पानावर बराच वेळ थांबले.

मग सातवं प्रकरण. बुटावर बोट ठेवलं.

“डावा. बरोबर काढलायस.”

“फोटोत तसंच आहे ना. प्यायलेल्या माणसाला दोन पाय असतात हे कुठलं आठवायला!”

हसले नाहीत. पान खाली ठेवलं आणि टेबलाकडे बघत राहिले. भोकांवरून बोट फिरवलं, माझ्या पेन्सिली एकेक करून बाजूला काढल्या.

“ही अजून आहे?”

“आहे की. वाळवी लागलीय थोडी.”

उठले. काठी शोधली. सही नाही, साक्ष नाही, चहा अर्धा. जाताना म्हणाले, “रविवारी घरी ये. पानं आणू नकोस.”

२४ मार्च

माझं काही चुकलेलं नाही.

२९ मार्च

गेले. लिहिते तसंच्या तसं, नाहीतर उद्या त्यात विनोद घालेन.

एकच खोली, कोपऱ्यात बास. समोर बसवलं मला. म्हणाले, “वाळवी नाही ती. माझ्या बासचा खिळा आहे.” बासच्या बुडाला लोखंडी टोक असतं, त्याच्यावर तो उभा राहतो. ते टोक ते फळीच्या एका टोकाला रोवायचे. दुसऱ्या टोकाला बाबा. बूट काढून.

“तुझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं.”

म्हटलं, म्हातारपणी ना, ते माहीत आहे.

“म्हातारपणी नव्हे. पंचेचाळिशीपासून. आधी डाव्या कानात शिट्टी. मग माणसांचं बोलणं पुसट. मग काहीच नाही. मी तार ओढली की फळी थरथरायची, त्याला तळव्यातून ठेका लागायचा. सूर त्याच्या हाडात होते, ते कुठे जाणार! शेवट आला की मी टाचेने फळीवर दोनदा मारायचो. दोन वर्षं चालवलं आम्ही असं. समोर बसलेल्या एकाला कळलं नाही.”

“आणि दारू?”

“गुळणी. एक घोट तोंडात फिरवून थुंकायचा, थोडी कोटावर शिंपडायचा. त्याचीच कल्पना. म्हणायचा, चूक झाली तर लोकांना वाटू दे प्यायलाय. प्यायलेल्या वादकाला लोक हसतात, पण परत बोलावतात. बहिऱ्याला कोण बोलावेल?”

 

मग तो कार्यक्रम. “आधीच्या गावात फळी मी विसरलो. लॉजच्या मागच्या भिंतीला टेकवली होती. व्हॅन भरली, दोऱ्या बांधल्या, आणि फळी राहिली. स्टेजवर चढेपर्यंत लक्षात आलं नाही. आणि स्टेज सिमेंटचं! तरी त्याने बूट काढला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, चल, बघू म्हणून. डोळे मिटून वाजवायचा तो. आम्ही थांबलो तेव्हा मी टाच मारली. दोनदा. दहादा. सिमेंटवर.”

“मी ओरडत होते.”

“ऐकलं आम्ही. त्याच्याखेरीज सगळ्यांनी ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी ते बसने मागे गेले. फळी तिथेच होती. आणून आमच्या घरी पोचवली, बाबांनी ती हातात घेतली, आत नेली. त्यानंतर दोघं भेटले ते नुसते चहाला. आईला ठाऊक होतं. आई ते घेऊन गेली.

“एक्केचाळीस वर्षं मी ऐकतोय, तो प्यायला म्हणून बँड बुडाला,” म्हणाले. “आणि मी गप्प. त्याने शपथ घातली होती ही एक सबब. खरं कारण, फळी कोणी विसरली ते सांगावं लागलं असतं.”

म्हातारपणी ऐकू येत नव्हतं, हे मला आणि दादाला ठाऊक होतं. म्हातारपण केव्हा सुरू झालं, हे दोघांनीही विचारलं नाही.

३० मार्च

ते हसरं पान भिंतीवरून काढलं. माझं सगळ्यात जमलेलं पान!

२ एप्रिल

दादाकडे स्वतः गेले. मोजून चार शब्द पाठ केले होते.

“दादा, बाबा पीत नव्हते.”

त्याने चष्मा काढला, पुसला, लावला. “मी सांगत होतो.”

“तुला काय ठाऊक होतं?”

“काही नाही. मला फक्त वाटायचं.”

सगळं सांगितलं. मध्येच उठून खिडकीशी गेला, पाठमोरा काहीतरी पुटपुटत राहिला. मुख्याध्यापक रडताना वर्गाकडे पाठ करतात हे आज कळलं. बऱ्याच वेळाने वळला आणि माझ्या उत्तराची वाट बघितल्यासारखा उभा राहिला. म्हटलं, हो, खरं आहे. काय खरं ते देव जाणे.

मग नेहमीचा दादा झाला. “चला, मिटलं. आता ते प्रकरण काढून टाकशील.”

“आता तर मुळीच नाही!”

“बहिरेपणा कशाला चव्हाट्यावर मांडायचा? घराण्यात आहे म्हणतील लोक. माझ्या नातवंडांचं पुढे—”

“दारुडे नकोत, बहिरे नकोत. तुला बाप नेमका कसा हवाय ते एकदा अर्जात लिहून दे.”

लपवाछपवीने माणूस बावीस वर्षं घरात मुका बसला, आणि याला अजून झाकण हवंय! नाही. फळी काढणार, गुळणी काढणार, सिमेंट काढणार. आणि ‘तर्र बाबा’ काढून हसणारी मीसुद्धा काढणार, नाकीडोळी नीट.

५ एप्रिल

संपादिका. लेखीच. ‘फारच हृदयस्पर्शी! पण मग दारूचं काय?’

दारूचं काही नाही, लिहिलं. नव्हती.

‘आमच्या नव्या पुस्तकांच्या सूचीत बाटलीचं मुखपृष्ठ गेलंय. बहिरेही आणि दारुडेही, असं नाही का करता येणार?’

हे वाक्य चौकट करून लावण्यासारखं आहे. वीस वर्षांत कुठल्या मंत्र्याला सुचलं नाही.

लिहिलं: ‘नाही. बेचाळीस पानं नव्याने काढतेय. तारीख तीच. बाटली हवी असेल तर माझ्याशिवाय पुस्तक काढा, त्यात कोऱ्या पानांवर बाटली छान दिसेल.’

८ एप्रिल

उत्तर नाही. काढतेय.

९ एप्रिल

‘ठीक आहे. पण तीस म्हणजे तीसच.’ हा!

१४ एप्रिल

हात मोडायला आलाय. पण सापडलं.

आधीच्या पानांत संगीत म्हणजे काळी फीत होती. ट्रम्पेटमधून निघून चौकटीबाहेर जाणारी. लोकांचं हसू मोठ्या अक्षरांत. हे सगळं माझ्या खुर्चीतून. बाबांच्या जागेवर उभं राहिलं की यातलं काय उरतं?

पांढरी शाई घेतली. फिती पुसल्या. हसू पुसलं. संवादांचे फुगे ठेवले, आतली अक्षरं पुसली. लोक तोंड उघडून आहेत आणि फुगे रिकामे. मग प्रत्येक चौकटीच्या तळाशी, फळीवर, टिंबं. ठेका. तेवढंच एक बाबांपर्यंत पोचतं. दोन वर्षांचे दौरे, पानामागून पान, तळाशी टिंबं चाललीत.

शेवटचा कार्यक्रम: टिंबं नाहीत.

पहिल्या रांगेत एक मुलगी, तिचा फुगा सगळ्यात मोठा. रिकामा. तो पुसताना हात थांबला. पुसला.

२१ एप्रिल

बासकाका बघायला आले. घंटी वाजवून, खिडकी ठोकून शेवटी शेजारणीकडून किल्ली घेऊन आत आले म्हणे. मी कामात होते! काम करताना मला जग नसतं.

पानं बघितली. थरथरत्या बोटाने टिंबं मोजत होते. पुटपुटत, एक दोन तीन चार. “इथे एक कमी आहे.” खरंच होतं. घातलं.

फळी विसरणारा लांब माणूस काढलाय, व्हॅनवर दोऱ्या बांधताना. त्याच्यावर थांबले. म्हणाले, “असू दे. आणखी लांब काढ.”

मी चहाला उठले. ओट्याशी उभी होते. वळले तर ते अगदी माझ्या मागे.

“तीन वेळा हाक मारली.”

“नळ चालू होता.”

“नळ बंद आहे.”

होता बंद.

“तू माझ्या तोंडाकडे बघतेस,” म्हणाले. “डोळ्यांकडे नाही. मघापासून. त्या दिवशी घरीसुद्धा.”

म्हटलं, दात मोजत होते तुमचे, किती उरलेत ते.

“तोही असाच विनोद करायचा.”

२२ एप्रिल

घंटी नवी बसवून घेतली. तीही तसलीच निघाली.

३० एप्रिल

पानं गेली. मुखपृष्ठावर बूट. एक.

दादाने फोटो परत मागितले नाहीत. उलट एक पाठवला: बाबा अनवाणी, दुकानाच्या लाकडी पायरीवर, डोळे मिटून. रस्त्यावरून ट्रक जातोय. मागे लिहिलंय, ‘हाही घे. उशीर झाला असेल तर पुढच्या आवृत्तीत.’ महोदया नाही, काही नाही.

६ मे

कानाची डॉक्टर. काचेची खोली, कानावर डबे, आवाज आला की बटण दाबायचं. किती वेळ वाट बघत बसले, म्हटलं हिचं यंत्र सुरू कधी होणार? बाहेर तिची मान खाली. ती लिहीत होती.

घरात कुणाला? तिने कागदावर विचारलं. मी मोठ्याने सांगितलं.

संपादिकेला कळवलं: गुळणी तू धरली नव्हतीस. यापुढे लिहीत जा. हे कुणालाही सांग. दादाला मी आधीच कळवलंय, नातवंडांसकट.

दुपारी बासकाका टेम्पोत बास घालून आले. पेन्सिली काढल्या, फळी टेबलाच्या पायांवरून सोडवली, जमिनीवर टाकली. त्यांनी जुन्या भोकात खिळा रोवला.

“गुळणी करणार नाही मी,” म्हटलं.

डावी चप्पल काढली.